‘पडीक’ नावाची जमीन

सातबाऱ्याचा उतारा आपण हातात घेतो तो नाव, क्षेत्र आणि बोजा पाहण्यापुरता. त्यावरच्या बाकीच्या शब्दांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. क्षेत्राखाली ‘पोटखराब’ असे एक कलम असते, शेजारी ‘आकार’ असतो, मोजमाप आर आणि हेक्टरमध्ये असले तरी तोंडी व्यवहार अजून गुंठ्याचाच असतो. हे शब्द कुठून आले असे विचारले तर कोणी मलिक अंबराकडे बोट दाखवील, कोणी पेशवाईकडे. त्यांतले काही शब्द तितके जुने आहेतही. पण आज ते ज्या रीतीने एका कागदावर एकत्र बसले आहेत, ती रीत १८३६ साली इंदापूर तालुक्यात बसली. मुंबई इलाख्याची जमीन मोजण्याची, तिची प्रत लावण्याची आणि तिच्यावर सारा बसवण्याची जी पद्धत पुढे ‘बाँबे सिस्टिम’ म्हणून ओळखली गेली, तिची पहिली प्रयोगशाळा म्हणजे इंदापूर.

सरकारी पैशाने, ठरलेल्या पद्धतीने, प्रशिक्षित माणसे नेमून एखाद्या प्रदेशाची माहिती गोळा करणे याला आज आपण संशोधन प्रकल्प म्हणतो. त्या अर्थाने इंदापूर आणि शेजारच्या बारामती तालुक्याचा माळ हा देशातल्या सर्वांत आधी ‘संशोधित’ झालेल्या भूभागांपैकी एक आहे. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे या जमिनीवर एकामागून एक अभ्यास होत आले. सारा, कालवा, क्षार, जंगल, वनीकरण, लांडगा, गवत, ओव्या असे विषय बदलत गेले. जमीन तीच राहिली. मात्र प्रत्येक अभ्यासाने तिला वेगळे नाव दिले, आणि नाव दिले त्याप्रमाणे तिचे पुढचे नशीब ठरले. या लेखात त्या नावांचा मागोवा घ्यायचा आहे.

इंदापूरचा पहिला प्रयोग

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका वसला आहे. आग्नेय टोकाला, नीरा नरसिंहपूरला, या दोन नद्यांचा संगम होतो. पश्चिमेला बारामती, कऱ्हेच्या काठी. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. नदीकाठी काळी जमीन आणि तिच्यावर चढत जाणारा मुरमाड माळ अशी इथली ठेवण आहे. मराठीत ‘मळा’ आणि ‘माळ’ या दोन शब्दांत एका मात्रेचे अंतर आहे. इथल्या माणसाच्या आयुष्यात ते एका विहिरीचे अंतर असते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दहाएक वर्षांत कंपनी सरकारने रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे दख्खनच्या जमिनींच्या पाहणीचे काम सोपवले. प्रिंगल हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याच्या डोक्यात पक्का होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो बिनचूक होता. प्रत्यक्षात मोजणी चुकली, प्रतवारी चुकली, हाताखालच्या कारकुनांनी लाच घेऊन काळीची मुरमाड आणि मुरमाडीची काळी केली. सारा झेपेना म्हणून कुणबी गाव सोडून गेले. इंदापुरात तर शेतेच्या शेते ओसाड पडली.

१८३५ मध्ये असिस्टंट कलेक्टर हेन्री गोल्डस्मिड याने ही दुर्दशा सरकारपुढे मांडली. त्याच्या जोडीला इंजिनिअर दलातले लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आणि लेफ्टनंट नॅश हे आले. या मंडळींनी सिद्धान्ताचा नाद सोडला. निव्वळ उत्पन्न काढण्याच्या फंदात न पडता, जमिनीची सापेक्ष प्रत लावायची आणि लोकांना झेपेल असा एकूण सारा तिच्यावर वाटून द्यायचा, अशी त्यांची व्यवहारी पद्धत होती. सारा तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम बांधले गेले.

ते नियम आजही वाचण्यासारखे आहेत. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. प्रत लावताना शेताचे कल्पित चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात माती उकरून तिचा रंग, पोत आणि खोली पाहायची. खोली मोजायची ती हातांत, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. चुनखडी, वाळू, उतार असे दोष असतील तर प्रत उतरवायची. असे नऊ वर्ग पाडले होते. पहिला वर्ग १६ आण्यांचा, नववा दोन आण्यांचा. शेतातला जो तुकडा नांगराखाली येऊच शकत नाही तो वेगळा काढून त्यावर सारा माफ, तोच पोटखराब.

कुणब्याच्या दृष्टीने ही मोठी सुटका होती. सारा हलका झाला, आधी कळू लागला, ओसाड पडलेली शेते पुन्हा वहीत आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे. पण त्यांचा प्रश्न एकच होता: ही जमीन नांगरली तर सरकारला किती देईल? त्या प्रश्नाचे उत्तर आण्यांत येत होते. ज्या जमिनीचे उत्तर दोन आण्यांच्याही खाली येई, तिच्याबद्दल विचारण्यासारखे दुसरे काही दप्तराजवळ नव्हते. ती पडीक म्हणून नोंदली गेली.

कुरणाचे पडीक कसे झाले

याच माळाला मराठी राज्यात दुसरी ओळख होती. सुपे आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्याला दाणा-वैरण ही दारूगोळ्याइतकीच महत्त्वाची. गवताची जमीन राखून ठेवली की तिला ‘कुरण’ म्हणत आणि तिच्यावर राखणदार असे. भीमथडीचे तट्टू हे याच प्रदेशाचे. अंगाने लहान, काटक, कमी चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारे. फौजा गेल्या तरी ही तट्टे उरली ती धनगरांच्या वाड्यांबरोबर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. म्हणजे ज्या जनावराला शास्त्राने आता मान्यता दिली, त्याला शतकानुशतके पोसणारी जमीन कागदावर पडीकच राहिली.

जमीन महसुलाच्या कायद्याने चराईचा विचार अगदीच केला नाही असे नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखण्याची तरतूद होती. तीच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आली. गायरान म्हणतो ते हे. मात्र गायरान गावच्या गुरांचे. चार महिने इथे आणि आठ महिने वाटेवर असणारी मेंढरे कुठल्याच गावची नसतात. नीरेच्या आणि भीमेच्या खोऱ्यांतून पावसाळा सरल्यावर पश्चिमेला निघणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगरांचे वाडे या नोंदीत बसले नाहीत. मेंढरे शेतात बसवून खत देणारा धनगर कुणब्याला हवा होता, पण त्याच्या वाटेला सर्व्हे नंबर नव्हता.

सारा ठरवण्यापुरता विचारलेला प्रश्न किती महाग पडतो, हे तीस वर्षांनी कळले. १८६६-६७ मध्ये इंदापूरची फेरपाहणी झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, शेतमालाच्या किमती फुगल्या होत्या. त्या तेजीवर विसंबून नवा आकार भरघोस वाढवला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले, आकार मात्र तसाच राहिला. सावकाराचे देणे आणि सरकारचे देणे या दोहोंच्या मध्ये कुणबी सापडला. १२ मे १८७५ रोजी, तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेल्या सुपे गावात सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर लोक चालून गेले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत कर्जरोखे जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. आयोगाच्या अहवालात कर्ज, व्याज, सारा यांची बारीक चर्चा आहे. सुपे परिसराच्या माळाची दखल शास्त्राने आणि सरकारने घ्यायला मात्र आणखी एक शतकाहून अधिक काळ जावा लागला.

पाणी आले, मीठ वर आले

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. भाटघरला धरण बांधून त्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात आणले गेले. पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या मुलखात बारमाही पाणी आले आणि ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले ते याच पाण्याच्या बळावर.

पण कालव्याच्या पाठोपाठ पंचवीस वर्षांत दुसरी तक्रार सुरू झाली. कालव्याखालच्या चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या, वाफ्यात पाणी साचू लागले, पीक जळू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये मुंबई सरकारच्या शेतकी खात्यातर्फे तो प्रसिद्ध झाला. कालव्याच्या पाझराने जमिनीखालचे पाणी वर चढते, त्याबरोबर मातीतले क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि मीठ राहते, ही गोष्ट आज शाळेतल्या मुलाला ठाऊक आहे. दख्खनमध्ये ती शिकायला मिळाली ती इथल्या शेतकऱ्याच्या नुकसानीतून. पाणथळ होणाऱ्या जमिनींच्या या प्रश्नापायीच मुंबई सरकारने १९१६ मध्ये सिंचनाचा एक खास संशोधन कक्ष काढला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था हे त्याचेच आजचे रूप.

हे संशोधन उत्तम दर्जाचे होते आणि उपयोगीही होते. त्याचाही प्रश्न मात्र नांगराखालच्या जमिनीपुरताच होता. कालव्याची रेषा ही माळाची खालची हद्द ठरली. रेषेच्या खाली शास्त्र, पाटबंधारे, साखर आणि पुढे सहकार. रेषेच्या वर पडीक.

झाडे लावण्याचा काळ

रेषेच्या वरचा बराच भाग पुढे वनखात्याकडे गेला. १८७८ च्या वनकायद्याने सरकारी जंगलांची आखणी झाली, तेव्हा ज्या जमिनीवर झाड दिसत नाही अशी कितीतरी जमीनही ‘फॉरेस्ट’ म्हणून नोंदली गेली. माणसांच्या बोलण्यात त्यामुळे एक गंमत झाली आहे. इंदापूरकडचा मेंढपाळ ‘फॉरेस्टात मेंढरं घालू देत नाहीत’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर गवताचा उघडा माळ असतो.

वनखात्याजवळ नांगराचा प्रश्न नव्हता, पण लाकडाचा होता. इथे झाडे का नाहीत, असे त्याने विचारले. गवताळ माळ म्हणजे माणसांनी तोडून आणि गुरांनी खाऊन संपवलेले जंगल, हे गृहीतक त्या प्रश्नातच दडलेले होते. उत्तरही त्यातूनच निघाले: चराई बंद करा आणि झाडे लावा.

माळावरच्या प्राण्यांचा हिशेब तर उलटाच चालला होता. लांडगा मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात बक्षिसापोटी सुमारे ८० हजार वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. वाघाची गोष्ट सर्वांना माहीत झाली. लांडग्याची झाली नाही, कारण तो जंगलात राहत नव्हता, पडीक जमिनीत राहत होता.

१९७२ च्या दुष्काळाने या माळावर रोजगार हमीची कामे आणली. चर खणले गेले, पाझर तलाव झाले. त्या दिवसांत लोकांच्या पोटाला आधार मिळाला, तो विसरता येणार नाही. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला, १९८५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापले. पुढे देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून तयार झाले, त्यात झुडपी आणि गवताळ जमिनींना जागा मिळाली ती ‘पडीक’च्या रकान्यात. विंगेटच्या कारकुनाने पहार मारून जे ठरवले होते, ते आता अवकाशातून ठरू लागले. नाव बदलले नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांची रोपे माळावर गेली. २०१६ ते २०१९ या काळात राज्य सरकारने वृक्षलागवडीचे २, ४, १३ आणि ३३ कोटी असे चढते संकल्प सोडले, तेव्हाही ‘मोकळी’ जमीन कुठे आहे याचा शोध घेतला गेला आणि माळ पुन्हा नजरेत भरला.

झाड लावणे वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. पण मारवेल, पवना, कुसळी यांच्या माळावर चर खणून दाट सावलीची झाडे उभी केली की गवत जाते. गवताबरोबर चिंकारा, खोकड आणि धाविक जातो. रोपे जगावीत म्हणून चराईबंदी आली की मेंढपाळही जातो. एका कामाने इतके सगळे हलते.

दुसरा प्रश्न

या माळाला वेगळा प्रश्न विचारण्याची सुरुवात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात झाली. १९७९ मध्ये नान्नजला माळढोक अभयारण्य झाले. १९९० च्या दशकात तिथे लांडग्यांचा अभ्यास झाला, त्यानंतर खोकडांचा. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले, ते चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. नाव मोरगावच्या मोरेश्वराचे. ज्या सुप्यात १८७५ साली दंगा झाला त्याच सुप्याचा माळ १२२ वर्षांनी ‘राखण्याजोगा’ ठरला.

आता प्रश्न होता: इथे कोण राहते, आणि कसे? उत्तरे चकित करणारी निघाली. भारतीय लांडगा हा लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक असल्याचे जनुकीय अभ्यासांतून पुढे आले. देशात त्याची संख्या सुमारे तीन हजार, म्हणजे वाघाच्या आसपासच, असा भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि तो बहुतांशी अभयारण्यांच्या बाहेर राहतो: वनखात्याचा माळ, गायरान, उसाचे आणि ज्वारीचे शेत, रस्ता, वस्ती यांच्या मधल्या गुंत्यात. पुणे जिल्ह्याच्या माळावर रंगाने वेगळे वाटणारे प्राणी निसर्गप्रेमी नागरिकांच्या नजरेस आले. पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळुरूची अत्री ही संस्था आणि तिथलेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या अभ्यासकांनी नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण केले. लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा म्हणून तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. धोका बंदुकीचा उरला नसून गावाबाहेरच्या उकिरड्यावर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांचा आहे, हे त्यातून कळले. संकर हा त्यातला एक भाग. कुत्र्यांचे रोग हा दुसरा.

वनस्पतींचेही तसेच. आशिष नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की द्वीपकल्पाच्या गवताळ माळांवर दोनशेहून अधिक वनस्पती अशा आहेत, ज्या भारताबाहेर कुठेच नाहीत; आणि त्यांतल्या कितीतरी गेल्या दोन दशकांतच शास्त्राला प्रथम माहीत झाल्या. ज्या जमिनीत बघण्यासारखे काही नाही असे मानले, तिथे कोणी बघितलेच नव्हते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या अशा उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. त्यांचे क्षेत्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या दहा टक्के भरते. त्यातले पाच टक्केही संरक्षित नाही.

ओव्यांची साक्ष

तरी एक शंका उरतेच. हा माळ मुळात जंगल होता आणि नंतर उजाड झाला, हे गृहीतक खोटे कशावरून? दोनशे वर्षांपूर्वीचे उपग्रहचित्र नाही, सर्व्हेच्या आधीचा नकाशा नाही. इथे निसर्गाच्या अभ्यासाला संस्कृतीच्या अभ्यासाची गरज पडली.

धनगरांच्या ओव्या, बिरोबा, खंडोबा, म्हस्कोबा यांच्या कथा यांचे संकलन गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने १९६० च्या दशकापासून केले. हायडेलबर्ग विद्यापीठाचा हा प्राध्यापक पुण्यात राहून धनगरांच्या वाड्यांमागे हिंडत असे. या ओव्यांत देव माळावर येतो, वारुळात प्रकटतो, मेंढरे राखतो. अभ्यासकांनी त्यात धर्माचा आणि समाजाचा इतिहास वाचला. त्यात वनस्पतीही होत्या, पण त्या मोजायचे कोणाच्या मनात आले नव्हते.

ते काम नेर्लेकर आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक दिग्विजय पाटील यांनी केले. तेराव्या शतकापासून पुढच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कथा, ओव्या आणि स्थळांच्या दंतकथा त्यांनी तपासल्या आणि त्यांत उल्लेखिलेल्या रानटी वनस्पतींची यादी केली. ४४ जाती मिळाल्या. त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच अधिक माळाच्या, उघड्या रानाच्या. घनदाट जंगलाच्या अगदी मोजक्या. तरवड, बाभूळ, पळस यांची ही दुनिया. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की हे माळ निदान ७५० वर्षे माळच आहेत. इंग्रजांच्या कुऱ्हाडीने किंवा धनगरांच्या मेंढरांनी ते घडलेले नाहीत.

ज्याला आपण लोकसाहित्य म्हणून एका कपाटात ठेवले, ते जमिनीचे दप्तर निघाले. इंदापूर तालुक्यातले पळसदेव घ्या. गावाच्या नावातच पळस आहे, देवही पळसनाथ. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि जुने गाव भीमेच्या फुगवट्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की देवळाचे दगडी शिखर आणि भोवतीचे वीरगळ उघडे पडतात, मग वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. अशा वीरगळांवर कितीदा गुरांसाठी झालेल्या झुंजी कोरलेल्या असतात. गोधन ही संपत्ती होती आणि गवत हे तिचे भांडवल, हे त्या दगडांनी महसूल खात्याच्या फार आधी सांगून ठेवले आहे.

आता कोणता प्रश्न?

म्हणून आता सगळे बरे झाले, असे नाही. दोन्ही प्रश्न आजही शेजारीशेजारी उभे आहेत. बारामती तालुक्यात माळेगाव खुर्दला २००९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन केली. तिथे खडकाळ, मुरमाड जमीन फोडून तिच्यात फळबागा आणि पिके कशी घेता येतील यावर काम झाले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याची गरज आहे. पाऊस लहरी होत चालला असताना तर अधिकच. दुसरीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. काही किलोमीटरच्या अंतरावर एका माळाला ‘सुधारायचे’ आहे आणि दुसऱ्याला ‘दाखवायचे’ आहे. दोन्ही कामे आपापल्या जागी योग्य असतील. कोणत्या माळाचे काय करायचे, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार, हा खरा प्रश्न आहे. नाही तर सौर पट्ट्या, औद्योगिक वसाहत, लागवड यांसाठी ‘रिकामी’ जमीन शोधणारा प्रत्येक जण त्याच जुन्या रकान्यात बोट ठेवणार.

मेंढपाळाचा प्रश्न तर अर्धाच सुटला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क तत्त्वतः मान्य केला. पण हक्क मागायचा तर पुरावा लागतो, आणि वाड्याचा पुरावा कोणत्या गावच्या दप्तरात असणार? लांडग्याने मेंढरू नेले तर भरपाईची तरतूद आहे. पंचनामा होईपर्यंत वाडा पुढच्या गावी पोहोचलेला असतो. लांडगा टिकला आहे तो मोठ्या प्रमाणात या मेंढरांवर. म्हणजे एका दुर्मीळ प्राण्याला जगवण्याचा खर्च महाराष्ट्रातला एक गरीब समाज आपल्या कळपातून देतो आहे, आणि कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तो खर्च दिसत नाही. सफारीच्या तिकिटातला आणि संशोधनाच्या निधीतला काही वाटा तिकडे वळला पाहिजे, असे म्हणणे हा निव्वळ हिशेब आहे.

सुदैवाने उत्तर लिहायला जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. तिच्यात गवत, झाड, जनावर यांच्याबरोबर लोकांचे ज्ञान लिहायचे असते. बहुतेक ठिकाणी ती मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली, हे खरे. पण वही आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोशाला पाच वर्षांसाठी १७२ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले; गवताळ, झुडपी आणि चराईच्या जमिनींची जैवविविधता हा त्यातला एक जाहीर विषय आहे. आणि दर विभागाची वनखात्याची कार्य आयोजना ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिली जातेच. माळाला पडीक म्हणायचे की कुरण, ते या कागदांत ठरते, लेखांत आणि परिसंवादांत ठरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी या तालुक्यांत जो अभ्यास होईल, त्याने तीन माणसे एका बैठकीत आणावीत: गवत ओळखणारा, ओवी म्हणणारा आणि सर्व्हे नंबर जाणणारा तलाठी. इंदापूरच्या त्या पहिल्या पाहणीत तिसराच तेवढा होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी प्रिंगलचा चुकलेला हिशेब मोडून नवा मांडला, तो त्यांनी प्रत्यक्ष माती उकरून पाहिली म्हणून. त्यांची ही सवय घेण्यासारखी आहे. पोटखराबाच्या रकान्यात आपण अजून पहार मारलेली नाही.